खिरीचा सण: रायगड किनाऱ्यावरील बेने इस्रायलांची शरदातील घरगुती पर्वे

कोकणात हळवे भात, म्हणजे लवकर पिकणारे भात, भाद्रपदाच्या अखेरीस आणि आश्विनात कापणीला येते, आणि पावसाळाभर जुन्या दाण्यावर काढलेल्या घरात नवा तांदूळ प्रथम शिजतो तो दिवस येथील जवळजवळ प्रत्येक समाजाने कोणत्या ना कोणत्या रूपाने सणाचा मानला आहे. रायगड जिल्ह्याच्या, म्हणजे १९८१ पूर्वीच्या कुलाबा जिल्ह्याच्या, किनारपट्टीवर शतकानुशतके राहिलेल्या बेने इस्रायल या मराठीभाषक ज्यू समाजातही असा एक दिवस पाळला जात असे आणि त्याला ‘खिरीचा सण’ म्हणत. या सणाला धर्मग्रंथाचा आधार नव्हता, त्याची स्वतंत्र प्रार्थना नव्हती आणि जगातील इतर ज्यूंना तो ठाऊकही नव्हता. तो घरात साजरा होई आणि घरापुरताच असे. एकोणिसाव्या शतकात या समाजाच्या हाती छापील ग्रंथ आले, गावोगावी प्रार्थनामंदिरे उभी राहिली, आणि त्याच काळात या घरगुती सणाकडे पाहण्याची समाजाची दृष्टीही पालटत गेली. त्या पालटाचा इतिहास पाहिला असता असे दिसते की, खिरीचा सण कोणी निषिद्ध ठरवला म्हणून मागे पडला नाही, तर सण कशाला म्हणावे याची कसोटीच बदलल्यामुळे मागे पडला.

बेने इस्रायलांच्या परंपरेनुसार त्यांच्या पूर्वजांचे गलबत चौलच्या उत्तरेस, अलिबागजवळच्या नवगावच्या किनाऱ्याशी फुटले आणि त्यातून सात पुरुष व सात स्त्रिया एवढेच वाचले; बुडालेल्यांची म्हणून दाखवली जाणारी दफनभूमी नवगाव येथे आजही आहे. हे केव्हा घडले याविषयी निरनिराळे तर्क असले, तरी समाज किनाऱ्यावरच्या खेड्यांत पुरता मुरला होता याची साक्ष त्याची आडनावेच देतात. किहीमचे केहिमकर, रोह्याचे रोहेकर, पेणचे पेणकर, दिवेआगरचे दिवेकर, अष्टमीचे अष्टमकर, थळचे थळकर अशी ही गावावरून पडलेली नावे आहेत. तेलाचा घाणा चालवणे हा यांपैकी अनेकांचा पिढीजात धंदा होता, आणि शनिवारी, म्हणजे ज्यूंच्या शब्बाथ या विश्रांतीच्या दिवशी, घाणा बंद ठेवत असल्याने शेजाऱ्यांनी त्यांना ‘शनवार तेली’ हे नाव दिले. शब्बाथ, आठव्या दिवशी मुलाची सुंता, खवले नसलेली मासळी वर्ज्य मानणे, आणि ‘शमा’ हे देवाच्या एकत्वाची ग्वाही देणारे हिब्रू वचन, एवढा वारसा त्यांच्यापाशी उरला होता. जन्म असो वा लग्न, प्रत्येक प्रसंगी तेच एक वचन म्हटले जाई. धर्मग्रंथाची प्रत, प्रार्थनामंदिर आणि पुरोहितवर्ग यांच्याविना हा वारसा टिकला तो मुख्यतः स्वयंपाकघराच्या व कुटुंबाच्या शिस्तीवर.

समाजाचे आद्य इतिहासकार हाइम शमुवेल केहिमकर यांनी १८९७ च्या सुमारास इंग्रजीत लिहिलेल्या आणि पुढे १९३७ मध्ये तेल अवीव येथे प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात या जुन्या सणांची नोंद आहे. सणांना हिब्रू नावे उरली नव्हती. ती सारी मराठी होती, तर उपवासांना शेजारच्या मुसलमानांप्रमाणे ‘रोजा’ म्हणत. आव महिन्याच्या नवमीचा, जेरुसलेमच्या मंदिराच्या विध्वंसाचा शोकदिन ‘बिरड्याचा रोजा’ झाला होता, कारण त्या उपवासाच्या निमित्ताने वालाचे बिरडे खाण्याची चाल होती. ज्यू पंचांगाच्या तिश्री या महिन्यात, जो सामान्यतः सप्टेंबर-ऑक्टोबरात येतो, सणांची दाटी असे. पहिल्या दिवशीचा वर्षारंभ, इतरत्र ज्याला रोश हशाना म्हणतात तो, ‘नव्याचा सण’ म्हणून एकच दिवस पाळला जाई; तिसऱ्या दिवशी ‘नव्याचा रोजा’ आणि चौथ्या दिवशी खिरीचा सण. दहाव्या दिवशी ‘दरफाळणीचा सण’, म्हणजे दारे लावून घेण्याचा दिवस, येई. योम किप्पूर या प्रायश्चित्ताच्या दिवसाचे हे स्थानिक रूप असून त्या दिवशी पांढरी वस्त्रे नेसून, उपवास करून, बाहेरच्या कोणाचाही स्पर्श होऊ न देता घरात राहत. दुसऱ्या दिवशी, ‘शिळ्या सणा’ला, दारे उघडत, गोरगरिबांना दानधर्म होई आणि आप्तेष्टांच्या भेटीगाठी होत.

खिरीच्या सणाचा विधी केहिमकरांच्या नोंदीप्रमाणे अगदी साधा होता. नव्या धान्याची खीर नारळाच्या रसात गोड घालून शिजवावी, ऊद जाळावा, शमा म्हणावी आणि मग कुटुंबाने खीर खावी. या साधेपणामागे दोन गोष्टी लक्षात घेण्याजोग्या आहेत. पहिली अशी की, ज्यू आहारनियमांत मांस आणि दूध एका जेवणात चालत नाही. नारळाचा रस मात्र दुधात गणला जात नसल्याने मटणाच्या जेवणावरही नारळाची खीर निर्वेधपणे वाढता येते. नारळीच्या वाड्यांनी भरलेल्या अलिबाग-रेवदंड्याच्या किनाऱ्यावर हा पदार्थ धर्माला आणि भूमीला एकाच वेळी धरून होता. दुसरी गोष्ट अशी की, या सणाचा अधिकार घरातील वडीलधाऱ्या स्त्रीकडे होता. लग्नकार्य चालवण्यासाठी काजी असे, पण नवे भात कधी सडायचे, नारळ किती फोडायचे, कोणाच्या घरी वाटा धाडायचा हे ठरवायला काजीची गरज नव्हती. सणाची सारी विद्या सासूकडून सुनेकडे जात होती.

शेजाऱ्यांचे सण याच दिवसांत येत. कोकणातील हिंदू घरांत घटस्थापना-दसऱ्याच्या सुमारास भाताच्या लोंब्या, आंब्याची पाने व फुले यांचे तोरण दाराला लावून ‘नवे’ बांधतात, आणि आश्विन पौर्णिमेला, म्हणजे नव्याच्या पुनवेला, नव्या तांदळाचा नैवेद्य करून नवान्न खातात. ही जवळीक केवळ भावनेची नसून पंचांगाचीही आहे. ज्यू आणि हिंदू या दोन्ही गणनांत महिना चंद्रावर चालतो आणि ऋतूंशी मेळ राखण्यासाठी मधूनमधून अधिक महिना धरला जातो, त्यामुळे तिश्रीचा प्रारंभ बहुधा आश्विनाच्या प्रारंभाच्या आसपास पडतो. २०२२ मध्ये २६ सप्टेंबरला आणि २०२४ मध्ये ३ ऑक्टोबरला घटस्थापना व रोश हशाना एकाच दिवशी आले. उलट २०२३ मध्ये अधिक श्रावणामुळे मराठी महिने पुढे ढकलले गेल्याने तिश्रीचा चौथा दिवस गणेशचतुर्थीला, १९ सप्टेंबरला, पडला. अशा शेजारात खिरीच्या सणाचा उगम दोन तऱ्हांनी लावता येतो. एक तर तो मूळ ज्यू परंपरेतील सुगीच्या उत्सवाचा, विशेषतः सुक्कोथ या मांडवांच्या सणाचा, अंधुक अवशेष असेल. किंवा तो कोकणातील नवान्नाचे ज्यू रूप असेल, ज्यात नैवेद्याच्या जागी शमा आली. या दोहोंत निवड करण्याची पाळी सण पाळणाऱ्यांवर कधी आलीच नव्हती. ती पुढे त्याचा इतिहास लिहिणाऱ्यांवर आली.

बदलाला प्रारंभ किनाऱ्यावर झाला असला, तरी त्याला वेग मुंबईत आला. परंपरा सांगते की, डेव्हिड राहाबी नावाच्या बाहेरून आलेल्या ज्यू गृहस्थाने मासळीचा विधिनिषेध आणि शमा यांवरून या लोकांना ओळखले आणि तीन घराण्यांतील तरुणांना शिकवून काजी केले. कंपनी सरकारच्या पलटणींत गेलेली अनेक कुटुंबे मुंबईत स्थिरावली, आणि सॅम्युअल इझिकेल दिवेकर यांनी १७९६ मध्ये तेथे समाजाचे पहिले सिनेगॉग, म्हणजे प्रार्थनामंदिर, बांधले. पुढे कोचीनचे ज्यू शिक्षक आले, अमेरिकन व स्कॉटिश मिशनऱ्यांच्या शाळांतून मराठीमधून हिब्रू शिकण्याची सोय झाली, आणि जॉन विल्सन यांनी १८३२ मध्ये हिब्रूचे मराठी व्याकरण प्रसिद्ध केले. मिशनऱ्यांचा उद्देश धर्मांतराचा होता, परंतु समाजाने त्या विद्येचा उपयोग स्वतःचा धर्म नव्याने वाचण्यासाठी केला. जोसेफ इझिकेल राजपूरकर यांनी प्रार्थनांची मराठी भाषांतरे करून ती घराघरांत पोहोचवली. किनाऱ्यावरही रेवदंडा येथे १८४२ मध्ये, अलिबागच्या इस्राईल आळीत १८४८ मध्ये, पनवेलला १८४९ मध्ये आणि पेणला १८६३ मध्ये सिनेगॉग उभी राहिली. त्यांना लोक बोलताना ‘मशीद’ म्हणत, परंतु तेथील पंचांग आता इतर ज्यूंचेच होते. त्यात हिब्रू नावे होती, सुक्कोथचा मांडव होता, हनुक्का या सणाचे दिवे होते आणि प्रत्येक दिवसाची नेमलेली प्रार्थना होती. खिरीच्या सणाला त्यात रकाना नव्हता.

या टप्प्यावर सुशिक्षित वर्गाच्या मनात जुन्या सणांविषयी दोन परस्परविरोधी भावना एकत्र नांदताना दिसतात. एकीकडे संकोच होता. कारण मुंबईत आलेले बगदादी ज्यू बेने इस्रायलांच्या ज्यूपणाविषयीच शंका घेत, आणि मराठी नावांचे सण, उदाचा धूर व खीर हे सारे त्या शंकेला पुरावा ठरण्यासारखे होते. दुसरीकडे अभिमान होता, आणि केहिमकरांच्या लेखनात तो युक्तिवादाचे रूप घेतो: समाजाला हनुक्का माहीत नव्हता, याचा अर्थ त्याचे पूर्वज हनुक्काला कारण झालेल्या इ. स. पूर्व दुसऱ्या शतकातील घटनांच्या आधीच मायदेश सोडून निघाले असले पाहिजेत. म्हणजे जे अज्ञान म्हणून हिणवले जात होते तेच प्राचीनत्वाचे प्रमाणपत्र ठरले. खिरीच्या सणालाही या युक्तिवादाचा लाभ झाला, कारण त्यामुळे तो ग्रंथात तपशिलाने नोंदला गेला. पण नोंदला गेलेला सण आणि पाळला जाणारा सण यांत फरक असतो. जी चाल जपण्याजोगी म्हणून लिहून ठेवली, तीच आता जुन्या काळची म्हणून वाचली जाऊ लागली. शिवाय भातशेती व घाणा सोडून कारकुनी, रेल्वे, टपाल आणि गोदी यांत शिरलेल्या मुंबईकर कुटुंबाला तांदूळ बाराही महिने दुकानात मिळत असल्याने नव्या दाण्याची वाट पाहण्याचे कारणही उरले नव्हते.

तरीही शरदातील घरगुती मेजवानीची हौस संपली नाही. ती ज्या सणांना ग्रंथाचा आधार होता त्यांच्या आश्रयाला गेली. नव्याच्या सणाचा खास पदार्थ असलेला चिकाचा हलवा हे त्याचे उत्तम उदाहरण होय. त्यासाठी गहू दोन-तीन दिवस भिजत घालून, रोज पाणी बदलून वाटतात व फडक्यातून पिळून चीक काढतात. वर आलेली निवळ ओतून दिल्यावर खाली राहिलेला दाट चीक नारळाच्या दुधात साखर घालून मंद विस्तवावर घोटतात. ज्या चिकाच्या शेजारणी उन्हाळ्यात कुरडया घालतात तोच हा चीक असतो. हलवा बुडाला लागू नये म्हणून तो अखंड ढवळावा लागतो, आणि तो जसजसा आळत जातो तसतसा उलथने फिरवणाऱ्याचा हात भरून येत असल्याने घरातील पुरुष व मुले यांनाही आळीपाळीने पातेल्यापाशी बसावे लागते. शेवटी तो ताटात ओतून, बदाम-पिस्ते पसरून, वड्या पाडून नात्यागोत्यात वाटतात. अलीकडे चिकाऐवजी कॉर्नफ्लोअर किंवा चायना ग्रास वापरण्याची सोय अनेकांनी पत्करली आहे. नारळाचे दूध मात्र सुटलेले नाही.

कृतज्ञतेचा भाग मलिद्याकडे गेला. मलिदा म्हणजे भिजवलेले पोहे, गूळ किंवा साखर, ओले खोबरे, वेलची व सुका मेवा यांचे ताट, ज्याभोवती फळे मांडून एलियाहू हनाबी, म्हणजे प्रेषित एलिया, यांचे स्मरण करतात. नवस फिटला, मूल झाले, लग्न ठरले, नवे घर घेतले की मलिदा करतात. अलिबागजवळच्या खंडाळे येथील खडकावरील खुणा एलियांच्या रथाच्या व घोड्यांच्या टापांच्या मानल्या जातात, आणि तेथे मलिदा करण्यासाठी दूरदूरची कुटुंबे येतात. पोहे हाही भाताचाच पदार्थ असून मलिदाही घरातच होतो. पण त्याला बायबलमधील प्रेषिताचे नाव आणि हिब्रू स्तोत्र लाभल्यामुळे तो नव्या कसोटीला उतरला. खिरीच्या सणापाशी असे नाव नव्हते.

१९४८ नंतर समाजाचा मोठा भाग इस्रायलमध्ये गेला, आणि तेथे जुनी शंका नव्याने उभी राहिली. बेने इस्रायलांशी विवाह लावण्याबाबत तेथील मुख्य रब्बींनी, म्हणजे धर्मगुरूंनी, घातलेल्या अटींविरुद्ध आंदोलन झाले आणि १९६४ मध्ये तेथील संसदेने हा समाज सर्वार्थाने ज्यू असल्याचा ठराव केला. पुढे त्याच देशाने इथिओपियन ज्यूंचा ‘सिग्द’ हा स्वतंत्र सण २००८ मध्ये कायद्याने राष्ट्रीय मानला. इतर ज्यूंना अपरिचित असा सणही अभिमानाने मिरवता येतो हे त्यातून दिसले, पण तोवर खिरीचा सण मिरवण्याजोगा उरला नव्हता, कारण सिग्दला जसे पुरोहित व सामुदायिक प्रार्थना होती तसे या सणामागे काहीच नव्हते. एलियाहू हनाबींचा मलिदा मात्र तेथील मराठी घरांतही होतो. प्रार्थनामंदिर लाभलेले सण पंचांगाच्या आधाराने देशांतर सोसू शकले. केवळ शेताशी आणि चुलीशी बांधलेला सण शेत सुटताच निराधार झाला. ज्या समाजाने ग्रंथाविना कित्येक शतके धर्म टिकवला तो मुळात अशाच चुलीपाशी टिकला होता, आणि म्हणून त्याचा इतिहास लिहिताना खिरीच्या सणाची गणना अपभ्रंश झालेल्या चालींत न करता, ज्यांनी समाजाला समाज म्हणून एकत्र ठेवले त्या संस्थांत करणे अधिक न्याय्य ठरते.