तारांची अदलाबदल : दोन संगणकांच्या थेट जोडणीचा इतिहास

एका संगणकातील फाइली तारेवरून शेजारच्या संगणकात नेणे हे वरवर साधे वाटणारे काम दीर्घकाळ कटकटीचे राहिले, आणि याचे कारण संगणकाच्या क्षमतेत नव्हे तर जोडणीच्या मानकात शोधावे लागते. अमेरिकेत १९६० मध्ये ठरलेले आरएस-२३२ हे मानक एका टोकाला दूरमुद्रकासारखे यंत्र आणि दुसऱ्या टोकाला टेलिफोनच्या तारेवरून संदेश नेणारा मोडेम, अशी विषम जोडी गृहीत धरून आखलेले होते. एकाने ज्या तारेवर बोलायचे, तिच्यावरच दुसऱ्याने ऐकायचे, ही वाटणी त्यात पक्की होती. पुढे घरगुती संगणकांनी हे मानक स्वीकारले तेव्हा प्रत्येकाने पहिल्याच टोकाची भूमिका घेतली, त्यामुळे दोन संगणक सरळ तारेने जोडले की दोघेही एकाच तारेवर बोलत आणि दुसऱ्या तारेवर व्यर्थ वाट पाहत.

यावरचा तोडगा ‘नल मोडेम’ नावाच्या केबलने दिला. तिच्यात एका टोकाची पाठवणारी तार दुसऱ्या टोकाच्या घेणाऱ्या पिनेला जोडलेली असे, म्हणजे मधला मोडेम नसतानाही तो असल्याचा आभास दोन्ही यंत्रांना होई. जुन्या पंचवीस पिनांच्या जोडणीत दोन क्रमांकाची पिन पाठवणारी व तीन क्रमांकाची घेणारी असे, तर आयबीएमच्या १९८४ च्या ‘एटी’ संगणकाबरोबर आलेल्या नऊ पिनांच्या जोडणीत नेमके उलट होते. म्हणून एका टोकाला पंचवीस आणि दुसऱ्या टोकाला नऊ पिना असल्यास ‘सरळ’ ओढलेल्या ताराच आपोआप उलट ठरत, आणि हा घोळ ठाऊक नसणाऱ्याने तारा मुद्दाम उलटवल्या की जोडणी हमखास बंद पडे.

अशा केबलची निकड १९८० च्या दशकात खरी वाढली ती फ्लॉपीच्या आकारांमुळे. टेबलावरच्या संगणकांत सव्वापाच इंची फ्लॉपी चाले, तर हाताने वाहून नेता येणारे नवे संगणक साडेतीन इंची फ्लॉपी घेऊन आले, त्यामुळे एकाची तबकडी दुसऱ्यात शिरेना. ट्रॅव्हलिंग सॉफ्टवेअर या कंपनीचे ‘लॅपलिंक’ याच अडचणीवर लोकप्रिय झाले. मात्र फाइल नेणारा प्रोग्रॅम स्वतःच एक फाइल असल्याने तो दुसऱ्या यंत्रात आधी पोहोचवायचा कसा, असा कोंबडी-अंड्याचा पेच उरे. डॉसमधील ‘सीटीटीवाय’ या आज्ञेने तो सोडवला जाई : संगणकाने कीबोर्डाऐवजी सिरियल पोर्टाकडून आज्ञा घ्याव्यात असे त्याला सांगितले, की पलीकडचे यंत्र तारेवरून आज्ञा पाठवून प्रोग्रॅम त्याच्यात उतरवी. एमएस-डॉसच्या १९९३ मधील सहाव्या आवृत्तीतील ‘इंटरलिंक’मध्येही हीच युक्ती होती.

वेगाची कथा मात्र केविलवाणी होती. सिरियल पोर्ट सेकंदाला जास्तीत जास्त १,१५,२०० बिट पाठवी, आणि प्रत्येक बाइटमागे आरंभ-अंताच्या खुणांसह दहा बिट खर्ची पडत असल्याने ४० मेगाबाइटची हार्ड डिस्क उतरवायला तासभर लागे. म्हणून प्रिंटरचा पॅरलल पोर्ट कामाला लावला गेला. त्याला बाहेर पाठवण्यासाठी आठ तारा होत्या, परंतु आत येणाऱ्या केवळ पाच, कारण प्रिंटरला ‘कागद संपला’ यापलीकडे फारसे सांगायचे नसे, त्यामुळे प्रत्येक बाइट चार-चार बिटांच्या दोन तुकड्यांत पाठवावा लागे आणि पाचवी तार इशाऱ्यासाठी राही.

इथरनेटच्या पिळाच्या तारांनी वेग वाढवला, तरी मूळ अडचण रूप बदलून राहिली. संगणक पहिल्या-दुसऱ्या तारेवर पाठवी व तिसऱ्या-सहाव्या तारेवर घेई, आणि ही अदलाबदल मधला हब करी. हब वगळायचा तर ‘क्रॉसओव्हर’ केबल लागे. पुढे ह्युलेट-पॅकार्डच्या अभियंत्यांनी तारांची दिशा ओळखून आतल्या आत अदलाबदल करणारी सोय विकसित केली, आणि गिगाबिट जोडण्यांबरोबर ती सर्वत्र पसरल्यावर क्रॉसओव्हर केबल अडगळीत गेली. यूएसबीने मात्र जुनाच पेच पुन्हा उभा केला, कारण तिच्यात एक यजमान आणि बाकीचे पाहुणे अशी रचना असून पारंपरिक पोर्ट असलेले दोन्ही संगणक यजमानच असतात. त्यांच्या जोडणीसाठी विकल्या जाणाऱ्या केबलच्या मधोमध म्हणूनच एक लहान चिप बसवलेली असते, जी दोन्हीकडे पाहुणा बनून वागते.