उगारलेली सुरी आणि शांत न्यायासन

आज आपण एकच निकाल पाहू. ‘ब्राउन विरुद्ध युनायटेड स्टेट्स’, अमेरिकेचं सर्वोच्च न्यायालय, १६ मे १९२१.

टेक्सासमध्ये पोस्टाच्या इमारतीसाठी खोदकाम चालू होतं. देखरेखीला ब्राउन. एका माणसाने त्याच्यावर आधी दोनदा सुरीने हल्ला केला होता, पुढच्या वेळी दोघांपैकी एक जण मरेल अशी धमकीही दिली होती. म्हणून ब्राउनने पिस्तूल आणून कोटात ठेवलं. बचावपक्षाच्या पुराव्यानुसार, तो माणूस सुरी घेऊन अंगावर आला, तेव्हा ब्राउन वीस-पंचवीस फूट मागे कोटापर्यंत गेला आणि त्याने चार गोळ्या झाडल्या. शेवटची गोळी समोरचा खाली पडल्यावर सुटली, असाही पुरावा होता.

खालच्या न्यायाधीशांनी ज्युरीला सांगितलं, की सुरक्षितपणे मागे हटता येत असेल तर हटलंच पाहिजे. ब्राउन खुनाचा दोषी ठरला, पहिल्या अपिलातही निकाल टिकला.

आता अपील म्हणजे काय, ते नीट पाहू. तिथे घटना पुन्हा घडत नाही. ज्युरीपुढे प्रश्न बरोबर मांडला होता का, यासारख्या गोष्टी तपासल्या जातात. न्यायमूर्ती होम्स म्हणाले, प्रश्नच चुकला. मागे हटणं हा अटळ नियम नव्हे, विचारात घ्यायच्या अनेक गोष्टींपैकी ती एक. तो जुना नियम वेगळ्या काळातून आलेला होता. त्या काळी स्वतःला वाचवताना मारणाऱ्यालाही राजाची माफी लागे. उगारलेल्या सुरीपुढे शांत चिंतनाची अपेक्षा करता येत नाही, हा त्यांच्या निकालाचा गाभा. होम्स तेव्हा ऐंशी वर्षांचे होते. तरुणपणी यादवी युद्धात तीनदा जखमी झालेले.

शिक्षा रद्द झाली. पण ब्राउन निर्दोष, असं न्यायालय म्हणालं नाही, आणि दोन न्यायमूर्ती असहमत होते. ती असहमती आपण हलकी धरू नये. मेलेला माणूस साक्षीला येत नाही. ‘मी घाबरलो होतो’ हे जिवंत राहिलेलाच सांगतो. म्हणून होम्स यांनीही मर्यादा ठेवली: जीव धोक्यात आहे ही समजूत वाजवी हवी.

आम्ही तत्त्वज्ञानवाले विवेकाची मोजमापं खुर्चीत बसून ठरवतो. या निकालाने विचारलं, की मोजायचं ते कुठे उभं राहून? सुरीपुढे उभ्या माणसाच्या जागी स्वतःला ठेवून बघायचं, पण त्याचं म्हणणं मात्र तपासूनच घ्यायचं. दोन्ही एकाच वेळी करणं, हेच न्यायासनावरचं अवघड काम.