रंगाचे करड्यात रूपांतर : निसर्गछायाचित्राच्या पुराव्यासंबंधी एक विचार

उत्तररामचरिताच्या पहिल्या अंकात भवभूतीने चित्रदर्शनाचा प्रसंग योजिला आहे. राम, सीता आणि लक्ष्मण आपल्याच वनवासाची चित्रे पाहतात, आणि पाहता पाहता समोर अरण्य नसून अरण्याचे चित्र आहे ह्याचे भान त्यांस राहत नाही. महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी भवभूतीचे पद्मपूर म्हणजे आमगावनजीकचे पदमपूर होय, असे प्रतिपादन केले आहे. त्याच आमगावच्या परिसरातील निसर्गाचे कृष्णधवल छायाचित्र हाती घेणाऱ्या अभ्यासकाचीही काहीशी अशीच अवस्था होते. रंग तेवढा गेला, बाकी वस्तू जशीच्या तशी उरली, असे तो गृहीत धरतो. हे गृहीत कितपत टिकते, ते प्रस्तुत लेखात पाहावयाचे आहे.

विवेचनासाठी एक उदाहरण घेऊ. महाराष्ट्रात सारस पक्षी आज मुख्यत्वे गोंदिया जिल्ह्यात आढळतो, आणि धानाच्या बांध्या व तळी हे त्याचे वसतिस्थान होय. त्याचे अंग राखी असते. डोके व मानेचा वरचा भाग मात्र लाल असतो आणि विणीच्या हंगामात ही लाली अधिक उजळते. हिरव्या धानात उभ्या असलेल्या अशा सारसाचे चित्र कृष्णधवल केले, तर ती लाली काळी होईल, पांढरी होईल की धानात मिसळून जाईल? ह्या प्रश्नाचे उत्तर पक्ष्यावर अवलंबून नाही. ते रूपांतराच्या नियमावर अवलंबून आहे, आणि हा नियम काळाबरोबर पालटत गेला आहे.

पहिला कालखंड कलोडियन काचांचा. १८५१ मध्ये ही पद्धती प्रसिद्ध झाली. १८५४ मध्ये मुंबईस फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली, डॉ. नारायण दाजी हे तिच्या एतद्देशीय सभासदांपैकी होत. ह्या काचांस निळा व जांभळा प्रकाशच काय तो जाणवे. हिरव्यास त्या मंद आणि लालास आंधळ्या होत्या. त्यामुळे त्या काळच्या चित्रांत आकाश कोरे पांढरे व झाडी काळवंडलेली दिसते. अशा चित्रावरून त्या दिवशी आकाश निरभ्र होते किंवा अरण्य फार घनदाट होते, असा निष्कर्ष काढणे धोक्याचे ठरेल.

१८७३ मध्ये हेर्मान फोगेल यांना असे आढळले की, विशिष्ट रंगद्रव्य मिसळले असता काच हिरव्या प्रकाशासही संवेदनशील होते. त्यातून ऑर्थोक्रोमॅटिक काचा निर्माण झाल्या. लालाचे आंधळेपण मात्र कायम राहिले. दादासाहेब फाळके यांनी कुंडीतील वाटाण्याच्या रोपाची वाढ दिवसांमागून दिवस चित्रित करून जो लघुपट १९१२ च्या सुमारास सिद्ध केला, तो ह्याच कालखंडातला. त्या काळी प्रचलित असलेल्या फिल्मवर हिरवा अंकुर उमटे. पण पळसाचे केशरी-तांबडे फूल घेतले असते तर ते जवळजवळ काळे आले असते.

१९०६ मध्ये लंडनच्या रॅटन व वेनराइट ह्या कंपनीने सर्व रंगांस संवेदनशील अशा पॅनक्रोमॅटिक काचा विक्रीस आणल्या. येथून छायाचित्रकारास निवडीचे स्वातंत्र्य मिळाले. भिंगापुढे लाल फिल्टर लावला की निळे आकाश काळोखते आणि पळसाचे फूल उजळते. निळा लावला की उलट घडते. दोन्ही चित्रे प्रामाणिक, तरी दोहोंचे म्हणणे परस्परविरुद्ध.

आतापर्यंत रूपांतर होत होते ते प्रत्यक्ष निसर्गाचे. रंगीत छायाचित्राचे रूपांतर हा प्रश्न १९०७ च्या ऑटोक्रोम काचा, आणि विशेषतः १९३५ ची कोडाक्रोम फिल्म, ह्यांनंतरचा. त्याचे गणिती सूत्र दूरचित्रवाणीने घालून दिले. १९५३ मध्ये अमेरिकेत रंगीत प्रक्षेपणाचे मानक ठरले, तेव्हा जुन्या कृष्णधवल संचांवरही ते चित्र दिसावे म्हणून उजळपणाचे प्रमाण निश्चित करण्यात आले : लालाचे ०.२९९, हिरव्याचे ०.५८७, निळ्याचे ०.११४. मानवी नेत्रास हिरवा सर्वांत उजळ भासतो, हे ह्या वाटणीमागील तत्त्व. भारतात १९८२ मध्ये रंगीत प्रक्षेपण सुरू झाले, तरी पुढे कित्येक वर्षे असंख्य मराठी घरांत तेच कार्यक्रम कृष्णधवल संचांवर पाहिले जात. रंगाचे करड्यात रूपांतर ही क्रिया तेथे रोज संध्याकाळी, कोणाच्या लक्षातही न येता, घडत होती. संगणकावरील पुष्कळ रूपांतरे आजही ह्याच प्रमाणाने होतात.

हे सूत्र आपल्या सारसास लावून पाहू. संगणक प्रत्येक रंग ० ते २५५ ह्या मर्यादेत मोजतो. उदाहरणादाखल मानेची लाली लाल २००, हिरवा ६०, निळा ४० अशी, आणि धानाचा हिरवा लाल ६०, हिरवा १२५, निळा ८० असा धरू. वरील प्रमाणाने दोहोंचेही उत्तर सुमारे १०० येते. म्हणजे मान धानात विरून जाते. केवळ लाल घटक घेतला, तर मान २०० व धान ६० : मान उजळ. केवळ निळा घेतला, तर मान ४० व धान ८० : मान काळी. कलोडियन काचेचा, लाल फिल्टरचा आणि दूरचित्रवाणीचा असे तीन नियम एकाच पक्ष्याची तीन वर्णने करतात. विणीच्या काळातील लालीचा पुरावा ह्यांपैकी दोहोंत विकृत होऊन का होईना टिकतो. जो नियम सर्वांत तटस्थ म्हणून मानला जातो, त्यात तो नाहीसा होऊ शकतो.

येथे संशोधकाचे खरे हित गुंतलेले आहे. रंगीत छपाईस एकाऐवजी चार ब्लॉक लागत, म्हणून नियतकालिकांतून रंगीत स्लाइड कृष्णधवल करून छापण्याची रूढी पडली. इकडे पुष्कळशा रंगीत फिल्मांतील रंगद्रव्ये अंधारात ठेवली तरी कालांतराने विटतात. मूळ स्लाइड विटली आणि हाती छापील करडी प्रतच उरली, म्हणजे त्या रंगाचा पुरावा कायमचा बुडाला.

परंतु ह्याच इतिहासात उपायही आहे. १८६१ मध्ये मॅक्सवेल यांनी एकाच वस्तूची लाल, हिरव्या व निळ्या फिल्टरमधून घेतलेली तीन कृष्णधवल चित्रे एकत्र प्रक्षेपित करून रंग पुन्हा उभा केला. तिरंगी छपाईचे ब्लॉकही ह्याच विभाजनाने तयार होत, आणि ही मुद्रणविद्या हस्तगत करण्यासाठीच फाळके १९०९ मध्ये जर्मनीस गेले होते. चित्रपटांच्या जतनासाठी रंगांचे असे तीन पृथक् कृष्णधवल लेख चांदीयुक्त फिल्मवर करून ठेवतात. कारण चांदीची प्रतिमा रंगद्रव्याहून पुष्कळ अधिक टिकते. म्हणजे एका करड्या चित्रात जो रंग हरवतो, तो तीन करड्या चित्रांत सुरक्षित राहतो.

म्हणून दोन गोष्टी अभ्यासकांपुढे ठेवाव्याशा वाटतात. जुने कृष्णधवल निसर्गछायाचित्र पुरावा म्हणून घेताना त्याची काच वा फिल्म कोणत्या जातीची, फिल्टर होता काय, हे आधी विचारावे; आणि आपण स्वतः रंगीत चित्र करडे करून प्रसिद्ध करू तेव्हा रूपांतराचे प्रमाण चित्राखाली नोंदवून मूळ रंगीत प्रत जपावी. ताम्रपटाचे वाचन देताना आपण तुटलेली अक्षरे कंसात दाखवतो आणि पाठ कसा लावला ते सांगतो. छायाचित्रालाही तीच शिस्त लागू केली, तर पुढील पिढीच्या अभ्यासकास धानातला सारस सापडेल.