ग्रेटनाचे सव्वाशे मैल

पहिल्या महायुद्धातल्या ब्रिटिश दारूगोळा कारखान्यांवर काहीही वाचायला घ्या, एक वाक्य हमखास भेटते: ग्रेटनाच्या कारखान्यात दोन फुटी नॅरोगेजचे 125 मैल रूळ होते आणि कारखान्याची स्वतःची 34 इंजिने होती. आकडा चटकन लक्षात राहतो, म्हणून एका पुस्तकातून दुसऱ्या पुस्तकात तो बिनतक्रार उतरत गेला आहे. पण पूर्वेला इंग्लंडमधल्या लाँगटाउनजवळचे मॉसबँड आणि पश्चिमेला स्कॉटलंडमधले डॉर्नॉक, अशी या कारखान्याची दोन टोके धरली तरी मधले अंतर 12 मैल भरते. बारा मैलांत सव्वाशे मैल रूळ मावले कुठे आणि लागले कशाला, हे विचारल्याशिवाय त्या आकड्याला काही अर्थ नाही.

कागदपत्रे कमी नाहीत. युद्धसामग्री मंत्रालयाने स्वतःचा बारा खंडांचा इतिहास लिहून घेतला. स्फोटक पुरवठा विभागाच्या तांत्रिक नोंदी युद्धानंतर छापल्या गेल्या. 1916 मध्ये रिबेका वेस्ट आणि आर्थर कॉनन डॉइल हे दोन नावाजलेले लेखक कारखाना पाहून गेले आणि त्यांनी वर्तमानपत्रांत लिहिले. कारखाना बंद होताना डॉर्नॉक आणि मॉसबँडच्या लोकांनी आपापले निरोपाचे अंक काढले. शिवाय छायाचित्रे आहेत. यातले प्रत्येक साधन काहीतरी सांगण्यासाठी जन्माला आले आणि काहीतरी झाकण्यासाठीही. मंत्रालयाला आपला कारभार कार्यक्षम होता हे दाखवायचे होते, लेखकांवर सेन्सॉरचा डोळा होता, आणि निरोपाच्या अंकात कोणी कडू बोलत नाही. रेल्वे हा यांपैकी कोणाचाच मुख्य विषय नव्हता. हे माझ्या मते सोयीचेच आहे, कारण ज्याच्याबद्दल कोणाला फुशारकी मारायची नसते त्याची नोंद बरीच विश्वासार्ह असते.

मे 1915 मध्ये आघाडीवर तोफगोळे पुरत नसल्याची बातमी लंडनच्या ‘टाइम्स’ने छापली आणि सरकार हादरले. जूनमध्ये नवे युद्धसामग्री मंत्रालय उभे राहिले, लॉइड जॉर्ज त्याचे मंत्री झाले. तोफेतून गोळा बाहेर फेकायला लागणारी दारू म्हणजे कॉर्डाइट, आणि तेच सर्वांत अपुरे. त्यासाठी जागा निवडली ती सॉल्वे खाडीच्या काठची, स्कॉटलंड आणि इंग्लंडच्या सीमेवरची. वस्ती विरळ, पाणी एस्क नदीचे, आणि मुख्य म्हणजे कॅलिडोनियन, ग्लासगो अँड साउथ वेस्टर्न आणि नॉर्थ ब्रिटिश या तीन कंपन्यांचे लोहमार्ग ग्रेटनापाशी एकत्र येत. (याच परिसरात, क्विंटिन्सहिलला, 22 मे 1915 रोजी सैनिकांनी भरलेली गाडी आदळून दोनशेहून अधिक माणसे गेली. ब्रिटिश रेल्वेच्या इतिहासातला तो सर्वांत भीषण अपघात.) नोव्हेंबर 1915 मध्ये पिअर्सन कंपनीच्या देखरेखीखाली काम सुरू झाले. खोदकामाला दहा हजारांपर्यंत मजूर होते, बहुतेक आयरिश. एप्रिल 1916 मध्ये उत्पादन सुरूदेखील झाले.

आराखड्यामागचे डोके केनेथ क्विनन यांचे. मूळचे अमेरिकन, पण आले दक्षिण आफ्रिकेतून. केपजवळच्या सॉमरसेट वेस्टला खाणींसाठी स्फोटके बनवणाऱ्या कारखान्याची सूत्रे त्यांच्याकडे होती. रूळ एवढे का पसरले हे कळायला त्यांनी बसवलेली प्रक्रिया पाहावी लागते. कापसाची रद्दी नायट्रिक आणि सल्फ्युरिक आम्लांत मुरवून नायट्रोकॉटन करायचे. ग्लिसरीनवर तीच आम्ले चालवून नायट्रोग्लिसरीन करायचे. हे दोन्ही डॉर्नॉकला. नायट्रोग्लिसरीन मुद्दाम उंचवट्यावर बनवत, म्हणजे पंप न लावता ते उताराने आपोआप खाली वाहत येई. हादरा त्याला सोसत नाही. मग दोन्ही एकत्र कालवून लगदा. कॉनन डॉइलने त्याला सैतानाची लापशी म्हटले आणि आज तिथल्या संग्रहालयाचे नावही तेच आहे. हा लगदा रेल्वेने मॉसबँडला जाई. तिथे ईथर आणि अल्कोहोल घालून तो मळायचा, साच्यातून दाबून दोऱ्यांसारखा काढायचा, वाळवायचा, एकजीव करायचा. जुन्या कॉर्डाइटला अ‍ॅसिटोन लागे, पण अ‍ॅसिटोनचा तुटवडा होता. म्हणून ईथर-अल्कोहोलवर चालणारा ‘आरडीबी’ हा नवा प्रकार ग्रेटनाने उचलला.

आता या प्रक्रियेकडे हमालाच्या नजरेने पाहा. प्रत्येक पायरीला माल एका इमारतीतून दुसऱ्या इमारतीत न्यायचा, आणि त्या इमारती मुद्दाम एकमेकींपासून दूर बांधलेल्या, धोक्याच्या इमारतींभोवती मातीचे बांध घातलेल्या. एक उडाली तर शेजारची उडू नये, एवढाच त्यामागचा हिशेब. अंतर हाच विमा होता आणि त्याचा हप्ता वाहतुकीत भरावा लागे. मोठ्या मापाची वाघीण बांधाला वळसा घालून दारापर्यंत नेणे अवघड, आणि नेली तरी एका वेळी इतका माल दाराशी उभा करणे हाच धोका. दोन फुटी रूळ अगदी घट्ट वळण घेतो, आणि त्याच्यावरची गाडी इतकी लहान की एका खेपेत किती स्फोटक हलेल यावर आपोआप मर्यादा येते. माथेरानच्या गाडीचेही माप हेच दोन फूट. डोंगराची वळणे घेताना त्याचा काय उपयोग होतो हे आपल्याकडे वेगळे सांगायला नको. नॅरोगेज स्वस्त म्हणून घेतले असे सरधोपट लिहिले जाते. ते खोटे नाही, पण दारूच्या कारखान्यात ते अपुरे आहे.

म्हणजे 125 मैल हे एका मार्गाचे अंतर नव्हे. दारादारांपर्यंत गेलेले फाटे, बाजूच्या मार्गिका आणि इमारतींमागच्या गल्ल्या धरून झालेली ती रुळांची एकूण लांबी आहे. भागाकार केला तर एका इंजिनाच्या वाट्याला पावणेचार मैलांच्या आसपास रूळ येतात. ज्या काळी कारखान्यातून आठवड्याला 800 टन कॉर्डाइट बाहेर पडत होते, म्हणजे देशातल्या बाकीच्या सगळ्या कारखान्यांच्या बेरजेपेक्षा जास्त, त्या काळी एवढ्या इंजिनांनी सगळे फाटे सांभाळले असतील हे पटत नाही. स्फोटकांच्या कारखान्यांत गाड्या हाताने ढकलायची रीत जुनी आहे. इथल्या रुळांपैकी बराच भाग माणसांच्या आणि विशेषतः बायकांच्या बळावर चालला असणार, असे अनुमान मी काढतो. 1917 मध्ये कामावर 11,576 स्त्रिया आणि 5,066 पुरुष होते, हा आकडाही त्याच बाजूने बोलतो.

इंजिनांचाही प्रश्न होताच. ईथरची वाफ जिथे हवेत असते तिथे धगधगती भट्टी घेऊन जाणे म्हणजे आत्महत्या. त्यावर एक उपाय होता बिनभट्टीच्या इंजिनाचा. त्याला बॉयलर नसतोच; बॉयलरसारखी दिसते ती जाड आच्छादनाची टाकी. कारखान्याच्या स्थिर बॉयलरमधून तिच्यात दाबाखाली वाफ भरायची, आतले पाणी कढत होते. चालकाने वाफ सोडली की टाकीतला दाब उतरतो, आणि दाब उतरला की त्याच कढत पाण्यातून नवी वाफ निघते. असे करत दाब संपेपर्यंत इंजिन चालते, मग पुन्हा भरायला परत. ठिणगी नाही, राख नाही, धूर नाही. किल्मार्नॉकच्या अँड्र्यू बार्कले कंपनीने 1917 मध्ये बांधलेले ‘सर जेम्स’ हे असे इंजिन कारखान्याच्या परिसरातल्या ईस्टरिग्ज गावच्या त्याच संग्रहालयात आजही पाहायला मिळते. ते रुंद, म्हणजे नेहमीच्या मापाचे आहे, नॅरोगेजचे नव्हे. संग्रहालयात फिरताना एवढे ध्यानात ठेवावे.

अंतराचा हिशेब चुकला तर काय होते हे केंटमधल्या फेव्हरशॅमजवळ, अपलीसला दिसले. 2 एप्रिल 1916 रोजी रिकाम्या पोत्यांना आग लागली, ती टीएनटीच्या साठ्यापर्यंत गेली आणि शंभराहून अधिक माणसे मेली. त्याच वर्षी तिथल्या कामगारांना ने-आण करायला डॅव्हिंग्टन लाइट रेल्वे बांधली गेली. ती मीटरगेज, तीन इंजिनांची, आणि 1919 मध्ये बंद. तिचे काम माणसे नेण्याचे होते. ग्रेटनाच्या दोन फुटी रुळांशी तिची तुलना करणारे लिखाण वाचले की वाटते, दोन्हींत रूळ आहेत यापलीकडे लेखकाने काही पाहिलेले नाही.

पाहुण्या लेखकांनी रेल्वेकडे दुर्लक्ष का केले? त्यांना तसेच दाखवले गेले. रिबेका वेस्टच्या लेखात कारखान्याचे नाव नाही, कॉनन डॉइलनेही ‘मूरसाइड’ हे बनावट नाव वापरले. मुलींचे धैर्य छापायला परवानगी होती. रूळ कुठून कुठे जातात हे छापले असते तर शत्रूला नकाशाच मिळाला असता. त्यामुळे या दोन लेखांचा वातावरणासाठी उपयोग करावा, आराखड्यासाठी करू नये.

युद्ध संपले, उत्पादन थांबले. घरे, जमीन, यंत्रे 1920 च्या दशकात लिलावात गेली. कामगारांसाठी वसवलेले ईस्टरिग्ज गाव मात्र राहिले. साम्राज्यातल्या ठिकाणांची नावे तिथल्या रस्त्यांना दिली होती, त्यांत एक दिल्ली रोडही आहे. डॉर्नॉक आणि लाँगटाउनच्या जागा पुढे लष्कराच्या दारूगोळा आगारांकडे आल्या, आणि ईस्टरिग्जच्या आगारात दोन फुटी रुळांवर डिझेल इंजिने विसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकांतही माल हलवत होती. तेव्हा ग्रेटनाबद्दल लिहिताना 125 मैल ‘लांबीची रेल्वे’ असे लिहू नये. 125 मैल ‘रूळ’ असे लिहावे.