हूगार्डनची पांढरी बिअर

चवीचा इतिहास लिहिणे हे राजांचा इतिहास लिहिण्याहून अवघड काम होय. राजे आपल्यामागे ताम्रपट ठेवतात, तहनामे ठेवतात. चव मात्र जिभेवर जन्मते आणि बहुधा जिभेबरोबरच जाते. बेल्जियम देशातील हूगार्डन नामक लहानशा गावाची पांढरी बिअर अशीच एकदा नाहीशी झाली होती, आणि ती परत आली ती एका गवळ्याच्या आठवणीतून. मद्यपान बरे की वाईट, हा प्रश्न येथे प्रस्तुत नाही. एखाद्या गावाच्या चवीचा धनी कोण, हा प्रश्न मात्र या हकीकतीत पदोपदी उभा राहतो.

जाड काचेच्या षट्कोनी पेल्यात ही बिअर ओतली म्हणजे रंग दिसतो तो लिंबाच्या सरबतासारखा, फिकट आणि गढूळ. हा गढूळपणा दोष नव्हे. नेहमीच्या बिअरला मोड आणून वाळविलेले जव लागतात. येथे जवाच्या जोडीला जवळजवळ निम्मा गहू असतो, तोही मोड न आणलेला, कच्चा. त्या गव्हातील द्रव्ये आणि बाटलीत राहिलेले किण्व यांमुळे पेला कधीच निवळत नाही. नाकाशी नेताच संत्र्याच्या सालीचा वास येतो आणि त्यामागून धण्यांचा. धणे म्हटले की मराठी माणसास गोडा मसाला आठवावयाचा. परंतु भाजलेल्या धण्यांचा खमंगपणा निराळा आणि नुसत्या भरडलेल्या धण्यांचा लिंबाच्या जवळ जाणारा वास निराळा, हे स्वयंपाकघरात वावरणारास सांगावयास नको. घोट घेतला म्हणजे आधी किंचित गोडवा, मग हलकासा आंबटपणा, आणि शेवटी लवंगेची पुसट आठवण. लवंग त्यात कोणी घातलेली नसते. तो किण्वाचा खेळ आहे. हॉपच्या फुलांचा कडवटपणा नावापुरता आणि मद्यार्क शेकडा पाचांहून थोडा कमी.

सालीचीही एक कथा आहे. वेस्ट इंडीजमधील क्युरासाव बेटावर स्पॅनिश लोकांनी गोड संत्र्याची झाडे नेऊन लावली. त्या रुक्ष भूमीत फळ कडू झाले, खाण्याच्या उपयोगाचे राहिले नाही, पण त्याच्या सालीला अपूर्व सुगंध आला. १६३४ साली ते बेट डच लोकांच्या हाती गेले, आणि अशा कडू संत्र्यांची वाळलेली साल पुढे बेल्जियन बिअरचे एक अंगच बनून गेली.

आता गावाकडे वळावयाचे. हूगार्डन हे ब्रुसेल्सच्या पूर्वेस, तीनेन शहराजवळ, उत्तम गव्हाच्या मुलखात वसलेले आहे. परंतु केवळ गव्हाने येथील भट्ट्या पेटल्या नाहीत. गावाच्या चोहोबाजूंस ब्राबांतच्या सरदारीचा प्रदेश होता आणि गाव मात्र लिएजच्या धर्माधिकारी राजाचे. एका राज्याच्या पोटात दुसऱ्याचे जणू बेटच! त्यामुळे ब्राबांतमधील जड कर येथे लागू नव्हते. जेथे कर हलका तेथे धंदा भारी, हा न्याय सर्व देशांत सारखाच. अठराव्या शतकात या चिमुकल्या गावात तीसहून अधिक भट्ट्या चालत असत. १७९५ साली फ्रेंच प्रजासत्ताकाने तो सर्व मुलूख आपल्यास जोडून घेतला. लिएजचे राज्य बुडाले, आणि त्याबरोबर गावाची ती सवलतही बुडाली.

तरीही बिअर टिकली. तिला खरा शह बसला तो १८४२ साली बोहेमियातील पिल्झेन शहरी निघालेल्या स्वच्छ, सोनेरी, थंडाव्यात आंबविलेल्या बिअरने. ही नवी बिअर महिनोन्महिने टिके आणि आगगाडीतून दूरवर जाई. हूगार्डनची बिअर लाकडी पिंपांत ताजी ताजीच भरावयाची आणि लवकर संपवावयाची. थोडके दिवस जास्त राहिली की उन्हाळ्यात आंबून जाई. पेल्यातून आरपार दिसणाऱ्या बिअरपुढे गढूळ बिअर गावंढळ वाटू लागली. पहिल्या महायुद्धात जर्मनांनी बेल्जियममधील कितीतरी भट्ट्यांची तांब्याची भांडी उचलून नेली, ती निराळीच. एकेक भट्टी विझत गेली आणि १९५० नंतरच्या दशकात टोम्सिन घराण्याची शेवटची भट्टीही बंद झाली.

त्या टोम्सिनच्या भट्टीशेजारी पिएर सेलिस हा १९२५ साली जन्मलेला मुलगा वाढला होता. घरचा धंदा दूधदुभत्याचा. पण लहानपणी शेजारच्या भट्टीत हातभार लावता लावता तेथील कृती त्याने डोळ्यांनी पाहिली आणि नाकाने टिपली होती. गावातील लोक जुन्या बिअरची आठवण काढून हळहळत, तेव्हा या गवळ्याने १९६५ च्या सुमारास आपल्याच गोठ्यात भट्टी मांडली. शिक्षण नाही, भांडवल थोडके. होती ती फक्त आठवण. पुढे धंदा वाढला आणि भट्टी सरबताच्या एका जुन्या कारखान्यात गेली.

परंतु परत आलेली चव जुनीच होती काय? येथे इतिहासकाराने थोडे कठोर व्हावयास हवे. जुन्या बिअरला आंबटपणा येई तो मुख्यतः दुधाचे दही करणाऱ्या जंतूंच्याच भाऊबंदांमुळे. तो आंबटपणा आजच्या बाटलीत अगदी अंधुक उरला आहे. लाकडी पिंपही गेले. जे परत आले ते एका माणसाच्या स्मृतीतून गाळून आले, आणि स्मृती मागील गोष्टीतला आंबटपणा नेहमीच थोडा कमी करते. तथापि सेलिसने ती उभी केली नसती तर मूळच्याशी ताडून पाहण्यासही कोणापाशी काही राहिले नसते, हेही विसरून चालणार नाही.

१९८५ च्या ऑक्टोबरात कारखान्यास आग लागली. विम्याची रक्कम पुरेना. तेव्हा लूव्हेनच्या स्टेला आर्त्वा या मोठ्या कंपनीने पैसा दिला आणि त्या बदल्यात भागीदारी घेतली. थोड्याच वर्षांत ती कंपनी इंटरब्रू नामक अधिक मोठ्या संस्थेत विलीन झाली. बिअर अधिक खपाची आणि कमी खर्चाची करावी असा लकडा मागे लागला. सेलिसला ते मानवेना. अखेर १९९० च्या सुमारास त्याने आपला उरलेला हिस्सा विकला. चव त्याच्या डोक्यात राहिली. गावाचे नाव मात्र कायद्याने कंपनीचे झाले!

साठी ओलांडलेला हा गृहस्थ मग अमेरिकेत गेला. टेक्सासमधील ऑस्टिन शहराचे पाणी चुनखडीच्या खडकांतले, बरेचसे गावाकडच्यासारखे. तेथे १९९२ साली त्याने पुन्हा तीच बिअर काढली आणि या वेळी तिला आपले आडनाव दिले. अमेरिकेत या जातीच्या बिअरची आवड वाढत गेली; १९९५ साली कूर्स कंपनीनेही संत्र्याची साल व धणे घातलेली आपली बिअर बाजारात आणली. त्याच वर्षी सेलिसच्या भट्टीत मिलर या बलाढ्य कंपनीचा शिरकाव झाला, आणि २००० साल उलटण्याच्या सुमारास ती भट्टी बंद पडली. नाव मिशिगनमधील एका भट्टीवाल्यास विकले गेले. पहिल्या खेपेस गावाचे नाव गेले होते; या खेपेस घराण्याचे गेले. एवढे होऊनही हा मनुष्य थांबला नाही. फ्रान्सच्या सीमेलगतच्या वातू गावी सेंट बर्नार्डस या भट्टीसाठी त्याने पुन्हा पांढरी बिअर बसवून दिली. एकच चव, तिसऱ्या नावाने!

इकडे हूगार्डनमध्ये निराळाच प्रकार घडला. २००५ च्या नोव्हेंबरात कंपनीने जाहीर केले, की गावातील कारखाना बंद करून ही बिअर जुपील येथे काढावयाची. जुपील म्हणजे लिएजचाच एक भाग. ज्या लिएजच्या छत्राखाली गावाचा धंदा फळला, तेथेच तो धंदा उचलून न्यावयाचा, हा योगायोग विलक्षणच म्हटला पाहिजे. गावकरी व कामगार निषेधासाठी रस्त्यावर उतरले. दोन वर्षे वाद चालला, आणि २००७ च्या सप्टेंबरात कंपनीने आपला बेत मागे घेतला. बिअर हूगार्डनमध्येच निघत राहिली. नाव कागदावर विकत घेता येते, पण ते गावातून उपटून नेणे कंपनीस जमले नाही.

दरम्यान ही पद्धत फार दूरवर पसरली. पुण्यात २००९ साली ‘डूलाली’ निघाली आणि महाराष्ट्रातही लहान भट्ट्यांचे युग सुरू झाले. अशा ठिकाणी धण्या-संत्र्याची ही पांढरी बिअरही पेल्यात पडू लागली. धणे पृथ्वीप्रदक्षिणा करून घरी आले म्हणावयाचे.

पिएर सेलिस २०११ च्या एप्रिलमध्ये वारला. त्याची कन्या क्रिस्टीन हिने पुढच्याच वर्षी आपले आडनाव परत मिळविले, आणि २०१७ साली ऑस्टिनमध्ये नवी भट्टी पेटवून तिच्यावर ते पुन्हा लावले.