फेरफार नोंदवही आणि डेटाबेसची पूर्वलेखन नोंदवही : एक ऐतिहासिक विवेचन

सेलू तालुक्यातील कोणत्याही गावचा सातबारा उतारा पाहिला असता खातेदारांच्या नावाजवळ वर्तुळात लिहिलेले क्रमांक आढळतात. ते फेरफारांचे क्रमांक होत. सातबारा जमिनीची आजची स्थिती सांगतो. ती कोणत्या क्रमाने घडत आली हे मात्र गाव नमुना सहा, म्हणजे फेरफार नोंदवही, सांगते. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १५० प्रमाणे हक्कातील बदल प्रथम या वहीत लिहिला जातो. मग चावडीवर प्रत लावणे, हितसंबंधितांना सूचना देणे, आक्षेप आल्यास त्याचा निर्णय आणि अखेरीस प्रमाणन. प्रमाणनानंतरच सातबाऱ्यास अंमल दिला जातो. आधी वही, मग उतारा.

ही शिस्त महसूल खात्याची एकट्याची नव्हे. पेशवे दप्तरातील रोजकीर्द असो वा कापसाच्या आडतीवरील किर्द-खतावणी असो, घडले ते घडल्या क्रमाने आधी लिहावयाचे व नंतर खात्यावर न्यावयाचे, हीच रीत होती. मुंबई इलाख्यात हक्कनोंदीचा कायदा १९०३ साली झाला. सेलू ज्या हैदराबाद संस्थानात होते तेथे १३५८ फसलीच्या विनियमाने ती पद्धत आली.

संगणकावरील संबंधात्मक डेटाबेसला हाच प्रश्न निराळ्या रूपात पडला. व्यवहार अर्ध्यावर असताना वीज गेली तर काही पाने नवी आणि काही जुनी राहतात. भारनियमन सोसलेल्या मराठवाड्यास ही अडचण समजावून सांगण्याची गरज नाही. जिम ग्रे यांनी १९७८ च्या टिपणांत नोंदवहीच्या आधारे पुनःस्थापनेची चर्चा केली. पुढे आय.बी.एम.मधील सी. मोहन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९२ साली ‘एरीज’ ही पद्धत सविस्तर मांडली. बदलाची नोंद कायम साठवणीत पोचल्याखेरीज बदललेले पान तेथे लिहावयाचे नाही, हा तिचा एक आधारभूत नियम. प्रत्येक पानाच्या शिरोभागी त्यावरील शेवटच्या नोंदीचा क्रमांक राहतो. सातबाऱ्यावरील वर्तुळांकित क्रमांकाचे काम यापेक्षा फारसे वेगळे नाही.

पोस्टग्रेएसक्यूएल या मुक्त डेटाबेसमध्ये पूर्वलेखन नोंदवही २००१ च्या ७.१ आवृत्तीत आली. परंतु ती यंत्रासाठी लिहिलेली होती, वाचकासाठी नव्हे. २०१३ च्या ९.३ आवृत्तीसोबत ती उलगडून दाखविणारे ‘पीजी एक्सलॉगडम्प’ हे साधन मिळाले व २०१७ साली त्याचे नाव ‘पीजी वॉलडम्प’ झाले. तरी ते चालविण्यासाठी सर्व्हरवरील फाइलींपर्यंत हात पोचणे आवश्यक होते. २०२२ च्या पंधराव्या आवृत्तीतील ‘पीजी वॉलइन्स्पेक्ट’ या विस्ताराने ही अडचण दूर केली. आता ‘पीजी गेट वॉल रेकॉर्ड्स इन्फो’ या फलनास दोन क्रमांक दिले की त्यांच्या दरम्यानच्या नोंदी साध्या तक्त्याच्या ओळींप्रमाणे समोर येतात : नोंदीचा आरंभ व शेवट, मागील नोंदीचा क्रमांक, व्यवहाराचा क्रमांक, नोंदीचा प्रकार, लांबी आणि वर्णन. दुसरे एक फलन कोणत्या प्रकारच्या नोंदींनी किती जागा घेतली याची गोळाबेरीज देते. सोळाव्या आवृत्तीने पानांगणिक तपशील देणारे फलन त्यात जोडले. अर्थात ही वही सर्वांस खुली नाही. मूळ मांडणीत सर्वाधिकारी व सर्व्हरच्या फाइली वाचण्याची खास मुभा असलेले यांनाच ती वाचता येते.

साम्य येथवरच. फेरफार नोंद वारसा, खरेदी, बक्षीस असे कारण सांगते. पूर्वलेखन नोंद अमुक पानावर अमुक जागी ओळ आली, अमुक वेळी व्यवहार पक्का झाला, एवढेच सांगते. तक्त्याचे नावही ती लिहीत नाही, फाइलीचा अंक लिहिते; तो अंक कोणत्या तक्त्याचा हे निराळे शोधावे लागते. इतिहासाच्या अभ्यासकास ही वही एकटी पुरणार नाही. मात्र एखादी ओळ केव्हा बदलली याविषयी वाद उत्पन्न झाल्यास तिच्याइतका निःपक्षपाती साक्षीदार दुसरा सापडणे कठीण.

अधिक गंभीर भेद टिकण्याचा आहे. २०२३ साली न्या. संदीप शिंदे समितीच्या कामाच्या निमित्ताने मराठवाड्यातील निजामकालीन महसुली कागद पुन्हा उघडले गेले. लिहिणाऱ्यांनी कल्पिलाही नसेल असा प्रश्न त्यांना विचारला गेला, आणि उत्तर शोधता आले ते कागद जपले गेले होते म्हणूनच. पूर्वलेखन नोंदवहीचे सोळा मेगाबाइटचे भाग चेकपॉइंट झाल्यावर, गरज संपताच, काढून टाकले जातात किंवा नव्या नोंदींसाठी पुन्हा वापरले जातात. ते बाजूस काढून जपण्याची सोय २००५ च्या ८.० आवृत्तीपासून आहे. मूळ मांडणीत ती बंद असते. व्यवस्थापकाने ती सुरू केली नसेल, तर वाचण्याची फलने हाताशी असूनही त्यांना दाखविण्यासारखे जुने काही उरलेले नसते.