आधी भाकरी, मग हायस्कूल

माध्यमिक शिक्षणाच्या प्रसाराचा इतिहास लिहिताना आपण शाळा मोजतो, अनुदानाचे आकडे मांडतो. स्वयंपाकघराकडे सहसा कोणी पाहत नाही. सातारा-कोल्हापूर भागापुरते बोलायचे तर हा इतिहास तिथूनच सुरू होतो, असे मला वाटते.

विसाव्या शतकाच्या आरंभी खेड्यात क्वचित मराठी शाळा असे. हायस्कूल मात्र जिल्ह्याच्या नाहीतर संस्थानच्या गावी. मराठी इयत्ता संपल्या की पुढे शिकणाऱ्याला घर सोडणे आले. फीचा प्रश्न नंतरचा. जेवायचे कुठे आणि पाठ टेकायची कुठे, हा पहिला. गरीब ब्राह्मण मुलाला वार लावून जेवता येई. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या. त्यात मानहानी होती, पण पोट भरे. कुणब्याच्या, धनगराच्या, महाराच्या मुलाला वार कोण देणार?

शाहू महाराजांनी नेमके हे ओळखले. १९०१ मध्ये कोल्हापुरात व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग निघाले. पुढच्या काही वर्षांत जैन, मुसलमान, लिंगायत, अस्पृश्य मुलांसाठीही वसतिगृहे झाली. ती जातवार होती, यावर आज टीका होते. पण एका पंगतीचा हट्ट तेव्हा धरला असता, तर बरीच मुले आलीच नसती.

ती एक पंगत साताऱ्यात बसली. भाऊराव पाटील स्वतः कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगात राहिलेले, किर्लोस्करांचे नांगर विकत खेडोपाडी हिंडलेले. १९१९ मध्ये काले येथे त्यांनी रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ मध्ये साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांचे वसतिगृह सुरू केले. १९२७ मध्ये गांधीजींच्या हस्ते त्याला शाहू महाराजांचे नाव मिळाले. लक्ष्मीबाईंनी त्यासाठी दागिने मोडले, अखेर मंगळसूत्रही. ही गोष्ट आपण इतक्यांदा ऐकली आहे की एक साधा तपशील निसटतो: तो पैसा इमारतीला नव्हे, मुलांच्या जेवणाला लागला.

संस्थेचे पहिले हायस्कूल, महाराजा सयाजीराव यांच्या नावाचे, साताऱ्यात निघाले ते १९४० मध्ये. वसतिगृहानंतर तब्बल १६ वर्षांनी. 'कमवा आणि शिका' हे तिथले सूत्र. मुले अंगमेहनत करून शिकत. आपण त्या श्रमाचे गोडवे गातो, तेव्हा सुखवस्तू घरच्या मुलाला शिकण्यासाठी अशी कुदळ मारावी लागत नव्हती, हेही नोंदवायला हवे.

या पद्धतीची एक मर्यादा होती. मुलग्याला बोर्डिंगात धाडणारा बाप मुलीला धाडेलच असे नव्हते. मुलींची वसतिगृहे निघाली, तरी घरची माणसे कचरत. गांधीजींच्या हत्येनंतर भाऊरावांनी त्यांच्या नावाने १०१ हायस्कुले काढण्याचा संकल्प केला. १९५९ मध्ये ते गेले, तेव्हा संस्थेच्या माध्यमिक शाळा शंभरावर गेल्या होत्या, कितीतरी आडगावांत. शाळा चालत जाण्याच्या अंतरावर आली, की वसतिगृहाचा प्रश्नच उरत नसे. मुलगी सकाळी भाकरी बांधून निघे आणि दिवेलागणीच्या आत घरी परते.